वाळलेलं लॉन: पाणी घालून बघावं की खुरपं मारून?

एप्रिल-मेमध्ये लॉन तपकिरी पडलं की घरात दोन मतं निघतात. ते मेलंय की उन्हापुरतं झोपलंय हे कळायला पाणी घालून बघू, नाहीतर उकरून बघू. मी दोन्ही केलंय, एकाच उन्हाळ्यात, एकाच अंगणात. (तिसरं मत नर्सरीवाल्याचं असतं, 'सगळं काढून नवीन टाका'. ते सध्या बाजूला ठेवू.)

पाणी घालण्यात चूक काहीच नाही. दोन बाय दोन फुटांचा तुकडा धरायचा, एक दिवसाआड खोलवर भिजवायचा आणि दहा-पंधरा दिवस वाट बघायची. गवत झोपलेलं असेल तर पेरांतून हिरवी टोकं येतात. खोदाखोद नाही, आणि टँकरवर असलो तरी दोन बादल्या परवडतात.

माझं बिनसलं ते लव्हाळ्यावरून, म्हणजे गवतासारख्याच दिसणाऱ्या तणावरून. आठव्या दिवशी हिरवं दिसलं, मी घरभर सांगत सुटलो. आईने वाकून एक काडी चिमटीत फिरवली आणि म्हणाली, "अरे, ही तिकोनी लागतेय. लव्हाळा आहे हा." गवताची काडी बोटांत गरगर फिरते, लव्हाळ्याच्या धारा लागतात. म्हणजे आठवडाभर विकतचं पाणी घालून मी जमिनीतल्या लव्हाळ्याच्या गाठी पोसत होतो. लॉनचं काय झालं, ते कळलंच नव्हतं.

मग खुरपं घेतलं. आदल्या संध्याकाळी जागा भिजवायची, नाहीतर कडक मातीत पाती तुटून हातात येतात आणि काहीच कळत नाही. सकाळी हिरवं आणि तपकिरी जिथे भेटतं तिथला चार बोटं खोल तुकडा काढायचा. मुळाजवळचं पेर नखाने सोलायचं. आत पांढरट आणि ओलसर असेल तर जीव आहे. झाडूच्या काडीसारखं कटकन मोडलं, तर गेलं. माझ्या तुकड्यात वरचं सगळं वाळकं आणि खाली मुळी टणक, पांढरी. हरळीच ती. शेतकरी ती काढता काढता थकतात आणि आपण मेली म्हणून सुतक धरतो! मेक्सिकन लॉनबद्दल मी एवढं छातीठोकपणे सांगणार नाही.

खुरप्याचं आणखी एक आहे. पावसाळ्यात, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरात, जमीन ओली असूनही ठिकठिकाणी तपकिरी चट्टे पडले तर पाण्याचा प्रयोग करूच नका. हुमणी असू शकते. तेव्हा गवत सतरंजीसारखं उचलून येतं, मुळं खाल्लेली असतात आणि खाली तपकिरी डोक्याची पांढरी अळी वेटोळं करून पडलेली असते. तिला पंधरा दिवस दिले तर ती पंधरा दिवस खाणार.

खुरपंही फसतं, नाही असं नाही. महिन्याभरापूर्वी टाकलेलं लॉन तसंही उचलून येतं, मुळं धरलेलीच नसतात. तिथे फक्त पेर बघा. आणि ज्यांना अंगणात खड्डे बघवत नाहीत, त्यांनी खुशाल पाणी घालावं, फक्त उगवलेली पहिली काडी चिमटीत फिरवून बघावी.

माझं लॉन जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसानंतर आपलं आपण हिरवं झालं. त्या दोन फुटांत मात्र अजून लव्हाळा उपटतोय.