गच्चीवरील ३ किलोवॅट सौर संच: वर्षभराच्या वापरानंतर

चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रात कोळसा जाळून वाफेवर टर्बाइन फिरवावे लागते, कोयनेत तेच काम धरणाचे पाणी करते. आमच्या गच्चीवर मात्र सिलिकॉनच्या पॅनेलवर ऊन पडताच डीसी (एकाच दिशेने वाहणारी) वीज तयार होते आणि इन्व्हर्टर तिची घरगुती एसी (दिशा बदलत वाहणारी) वीज करतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान मिळाले.

तक्रार एकच, पण गंभीर: बसवणाऱ्यांनी एक पॅनेल पाण्याच्या टाकीच्या सावलीत लावले, आणि सर्व पॅनेल एकाच साखळीत जोडलेली असल्याने दुपारी तीननंतर संपूर्ण संचाचेच उत्पादन घसरत असे. ते हलवून घेण्यासाठी दोन महिने पाठपुरावा करावा लागला. आता नेट मीटरवर (घरात आलेली आणि बाहेर दिलेली वीज मोजणारा मीटर) वीज बाहेर गेल्याची नोंद दिसते, तेव्हा मनापासून समाधान वाटते. बॅटरी नसल्याने वीजपुरवठा खंडित होताच संचही बंद पडतो, हे खरेदीपूर्वी अवश्य समजून घ्यावे.