जपानमध्ये इंग्रजीचा क्लास: परदेशी शिक्षक की जपानी?

मूल जपानी शाळेत घातलेल्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास निघतो. इंग्रजी कच्चं राहतंय, मग क्लास कुणाचा लावायचा? अमेरिका-ब्रिटनहून आलेल्याचा की जपानी शिक्षकाचा? फी विचारण्याआधी भाषा कशी येते याबद्दल दोघांची समजूत काय आहे, ते बघा.

परदेशी शिक्षक बहुधा म्हणतो: बोलत राहा, चुका आपोआप सुटतील, वर्गात इंग्रजीशिवाय काही नको. हा शेवटचा आग्रह जुनाच. बर्लिट्झची भाषा शिकवणारी शाळा १८७८ पासून त्यावरच चालली. युगांडातल्या मकेरेरे इथे १९६१ साली झालेल्या इंग्रजी अध्यापनाच्या परिषदेतून पसरलेल्या अशा समजुतींना भाषातज्ज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये सरळ भ्रम ठरवलं. मला ते बरंचसं पटतं. परदेशी शिक्षकांतल्या अनेकांना इंग्रजी पाळण्यातच मिळालं, दुसरी भाषा घाम गाळून शिकायची वेळच आली नाही. १९८७ पासून सरकारी शाळांना परदेशी साहाय्यक शिक्षक पुरवणाऱ्या जपानच्या जेट योजनेतही कुठलीही पदवी चालते, अध्यापनाचं प्रशिक्षण सक्तीचं नाही. (आणि जपानी येत नसेल, तर 'फक्त इंग्रजी' हा नियम सोयीचाही पडतो!)

जपानी शिक्षकाचा भर व्याकरण, भाषांतर आणि प्रवेशपरीक्षेवर. नामाआधी 'अ' (a) आणि 'द' (the) कुठे लावायचं, हे तो नीट सांगतो, कारण जपानीत ती भानगडच नाही आणि तो स्वतः तिथे अडखळलेला असतो. मराठीतही नाही, म्हणून आपल्या मुलांना हे उपयोगी. परदेशी शिक्षक 'कानाला खटकतं' म्हणून मोकळा होतो. पण जपानी शिक्षक तासभर जपानीतच समजावत बसला, तर मुलाचं तोंड उघडणार कधी?

तिसरी-चौथीत शाळेतलं इंग्रजी खेळ-गाण्यांपुरतं असतं. तिथे परदेशी शिक्षक बरा. पाचवीपासून २०२० साली इंग्रजी हा रीतसर विषय झाला. पुढे हायस्कूलच्या प्रवेशपरीक्षेसाठी मी जपानी शिक्षकच निवडेन. एइकेन या जपानमधल्या इंग्रजी परीक्षेत तिसऱ्या श्रेणीपासून तोंडी परीक्षा असते, तेवढ्यापुरता परदेशी शिक्षक जोडीला घ्यावा. मोठेपणी जपानी शिकलेला परदेशी शिक्षक सापडला, तर मात्र पहिली पसंती त्याला. डेमोच्या वेळी हे विचारायला लाजू नका.

मूल नुकतंच पुण्याहून आलं असेल आणि जपानी जेमतेम असेल, तर जपानीतून सांगितलेलं व्याकरण त्याच्या डोक्यावरून जाईल. अशा वेळी वरचा हिशेब बाजूला ठेवा.