क्लायंटला दाखवायचा प्रोटोटाइप: बाल्सामिक, फिग्मा की अ‍ॅक्शर?

सॉफ्टवेअरचा प्रोटोटाइप, म्हणजे प्रत्यक्ष बांधणीआधी दाखवायचा नमुना, करण्यासाठी साधन निवडताना आपण बहुधा ते आपल्याला किती सोयीचे आहे हेच पाहतो. क्लायंटबरोबरच्या कामात मी आता आधी वेगळे काही पाहतो: समोरची स्क्रीन पाहून क्लायंट कशाबद्दल बोलू लागेल? एका कामात मी पहिल्याच बैठकीत रंग, फाँट आणि लोगोसह सजवलेल्या स्क्रीन दाखवल्या. जवळजवळ सगळा वेळ बटणांच्या रंगावर गेला आणि अर्ज मंजुरीचा एक टप्पाच आराखड्यातून सुटला आहे, हे प्रोग्रॅमिंग सुरू झाल्यावर लक्षात आले.

तेव्हापासून सुरुवातीसाठी माझी पसंती बाल्सामिकला आहे. २००८ साली आलेल्या या साधनातल्या स्क्रीन मुद्दामच हाताने रेखाटल्यासारख्या दिसतात, त्यामुळे यातले काहीच अजून पक्के झालेले नाही आणि बदल सुचवायला हरकत नाही, हे क्लायंटला न सांगता कळते. चर्चा मग कामाच्या क्रमावर होते: आधी कोण काय भरणार, ते कोणाकडे जाणार, नाकारले तर पुढे काय. एका स्क्रीनवरून दुसरीवर जाण्यापलीकडे यात फारसे काही करून दाखवता येत नाही, पण या टप्प्यावर ते पुरेसे असते.

मांडणी ठरली की फिग्मा उत्तम. ते ब्राउझरमध्ये चालते, क्लायंटला काहीही इन्स्टॉल न करता लिंकवरून प्रोटोटाइप पाहता येतो आणि नेमक्या जागेवर टिप्पणी ठेवता येते. टिप्पणीसाठी मात्र खाते उघडावे लागते, हे आधीच सांगून ठेवावे.

अटींचे जाळे असलेल्या कामात मी अ‍ॅक्शर वापरतो. अर्जदार अठरा वर्षांखालील असेल तर पालकांच्या माहितीचे रकाने उघडणे, चुकीचा आकडा भरल्यास पुढे जाऊ न देणे, असे वर्तन त्यात प्रत्यक्ष करून दाखवता येते आणि क्लायंट रकान्यांत खरोखर टाइप करून पाहू शकतो. फिग्मातही २०२३ पासून व्हेरिएबल (बदलणारी माहिती साठवणाऱ्या जागा) आणि अटींची सोय आहे, तरी मोठ्या फॉर्मसाठी मला अ‍ॅक्शरच अधिक भरवशाचे वाटते. ते शिकायला वेळ लागतो, आणि चार-पाच स्क्रीनच्या साध्या कामासाठी तेवढा वेळ घालवू नये.

कोणतेही साधन घेतले तरी काम बाहेर कसे काढता येते, हे पहिल्या दिवशीच तपासावे. एके काळी क्लायंटना डिझाइन दाखवण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या इनव्हिजनने २०२४ अखेर आपली ही सेवा बंद केली, आणि तिथल्या लिंकवर विसंबलेल्यांना आपले काम वेळेत उतरवून घ्यावे लागले. अ‍ॅक्शर प्रोटोटाइपच्या ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या एचटीएमएल फाइल तयार करून देते. त्या मी करारासोबतच्या कागदपत्रांत ठेवतो. बाल्सामिक आणि फिग्मातून क्लायंटने मंजूर केलेल्या प्रत्येक आवृत्तीची पीडीएफ काढून तिच्यावर तारीख घालतो.