सोलापूरच्या पाण्यात आणि उन्हात क्रोमची चाकं: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

वापर अकरा महिन्यांचा, साधारण १४ हजार किलोमीटरचा. १७ इंची अलॉय चाकं, वर खरं क्रोम प्लेटिंग. गाडी रोज शहरात, जुळे सोलापूर ते होटगी रोड. अधूनमधून तुळजापूर, अक्कलकोट आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुणे. एवढ्या वापरानंतर एक गोष्ट ठामपणे सांगता येते. इथे क्रोम धुळीनं खराब होत नाही, ब्रेकच्या काळ्या भुकटीनंही फारसं होत नाही. ते खराब होतं चाकावर वाळलेल्या पाण्यानं आणि वॉशिंग सेंटरवर मारल्या जाणाऱ्या ॲसिडनं. म्हणून पॉलिशच्या ट्यूबवर पैसे घालायच्या आधी चाकांसाठी वेगळी अशी दोन चांगली मायक्रोफायबरची फडकी घ्या.

आधी आपल्या चाकावर काय आहे ते ओळखा. ‘क्रोम’ म्हणून बाजारात बरंच काही खपतं. नखानं टिचकी मारल्यावर पोकळ, प्लास्टिकचा आवाज आला तर ती क्रोम चढवलेली व्हील कॅप आहे. तिला फक्त शाम्पू आणि मऊ फडकं, दुसरं काही नको. कडेच्या ओरखड्यात दुधाळ किंवा पिवळसर पापुद्रा दिसला तर वर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर आहे. त्यावर मेटल पॉलिश लावलं की चाक धुरकट होतं आणि ते धुरकटपण परत जात नाही. तिसरा प्रकार नुसत्या पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमचा. पांढऱ्या फडक्यावर थोडं मेटल पॉलिश घेऊन आतल्या कोपऱ्यात घासून बघा. फडकं लगेच काळंकुट्ट झालं तर ते ॲल्युमिनियम. खरं क्रोम फडकं असं काळं करत नाही, आणि त्यातलं प्रतिबिंब किंचित निळसर, आरशासारखं स्वच्छ दिसतं. पुढचं सगळं या खऱ्या क्रोमबद्दल आहे.

प्लेटिंगची रचना कळली की काय करायचं आणि काय टाळायचं हे आपोआप कळतं. वरचा क्रोमचा थर साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन, म्हणजे नावापुरताच. त्याखाली कित्येक पट जाड निकेल, बहुतेक वेळा त्याखाली तांबं, आणि मग मूळ अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. डोळ्यांना दिसणारी झळाळी बरीचशी निकेलची असते, क्रोम तिची राखण करतं. क्रोम स्वतः गंजत नाही, पण त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा आणि छिद्रं असतात. क्लोराइडचे क्षार असलेलं पाणी तिथून निकेलपर्यंत पोचतं, सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात, आणि पुढे ॲल्युमिनियमला बाधा झाली की पांढरी पूड तयार होऊन वरचं प्लेटिंग फोडासारखं फुगतं. इथवर गेलेलं चाक कुठल्याही पॉलिशनं परत येत नाही. पॉलिश डाग काढतं, गेलेला थर भरून देत नाही.

आता पाण्याचं. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे गाडीच्या वाट्याला बोअरचं पाणी येतं, आणि इथल्या बहुतेक बोअरना क्षार भरपूर. एप्रिल-मे मध्ये पारा कित्येकदा चाळीसच्या पुढे जातो. उन्हात उभ्या गाडीच्या चाकावरचं पाणी मिनिट-दोन मिनिटांत उडतं आणि मागे पांढरी गोल कडी राहते. डाग ताजा असेल तर साधं पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे करून फडक्यावर घ्या, मिनिटभर टेकवून ठेवा, मग भरपूर पाण्यानं धुवा. घासायची गरज पडत नाही. तोच डाग महिनाभर उन्हात भाजला की नुसत्या व्हिनेगरनं निघत नाही. मग पॉलिश घ्यावं लागतं, आणि तरीही कधी कधी फिकट वर्तुळ उरतं.

बरेच जण आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून गाडीला वापरतात. पाणी वाचवायची भावना अगदी योग्य आहे, पण फिल्टरनं बाहेर टाकलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. मूळ बोअरच्या पाण्यापेक्षा ते जास्त जड. सुरुवातीचा चिखल भिजवायला ते चालेल, शेवटचा हात त्यानं अजिबात फिरवू नका. उलट एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. स्वच्छ बाटलीत जमा केलेलं असं लिटर-दीड लिटर पाणी चारही चाकांच्या शेवटच्या हाताला पुरतं. आमच्याकडे जानेवारीपर्यंत डाग पडत होते, हे पाणी सुरू केल्यापासून जवळपास थांबले.

धुण्याची पद्धत पुढीलप्रमाणे. वेळ सकाळी लवकर, गाडी सावलीत, चाक हाताला गार लागलं पाहिजे. तुळजापूरचा घाट उतरून आल्या आल्या पाणी मारू नका, निदान अर्धा तास थांबा. तापलेल्या चाकावर शाम्पू जागच्या जागी वाळतो आणि तापलेल्या ब्रेक डिस्कलाही गार पाण्याचा फटका चांगला नाही. एका बादलीत १० लिटर पाण्याला ३० मिली कार शाम्पू, दुसऱ्या बादलीत साधं पाणी. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर नको. चाकावर राखणीसाठी लावलेलं मेण त्यानं उतरतं. एका वेळी एकच चाक घ्या. आधी नुसतं पाणी, मग मऊ ब्रशनं आतली बाजू, मग नटांचे खड्डे, शेवटी पुढचा चेहरा. ब्रश प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा. चाक धुऊन लगेच पुसा, मगच पुढच्या चाकाकडे जा. चारही धुऊन एकदम पुसायला गेलात तर पहिलं चाक तोवर वाळलेलं असतं.

पुसून झाल्यावर गाडी अर्धा किलोमीटर फिरवून दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबा, आणि येऊन नटांभोवती पुन्हा फडकं फिरवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. डिस्कवर पाणी राहिलं की तासाभरात तिच्यावर केशरी गंज येतो, ते पाणी ओघळून क्रोमवर उतरतं आणि माणसाला वाटतं चाकच गंजलं. अलॉयवर असे केशरी ठिपके दिसले तर ते जवळपास नेहमी ब्रेकमधून उडालेल्या लोखंडाच्या कणांचे असतात. पुढच्या चाकांवर जास्त, कारण ब्रेकचा मुख्य भार तिथे. त्यासाठी ॲसिड नसलेला, न्यूट्रल पीएचचा आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारा फवारा) दोन महिन्यांतून एकदा, फक्त पुढच्या चाकांना. फवारल्यावर दोन-तीन मिनिटांत जांभळे ओघळ दिसतात, वाळायच्या आत धुऊन टाका. वास सडक्या अंड्यासारखा येतो, उघड्यावरच वापरा. जिथे प्लेटिंग फुगलंय किंवा खड्डे पडलेत तिथे तो मारू नका, द्रव आत शिरून बसतो.

पावसाळ्यात त्रास काळ्या मातीचा. ही माती भिजली की फुगते आणि वाळताना घट्ट धरून ठेवते. वाळलेली कधीच कोरड्या फडक्यानं पुसू नका, तिच्यातले वाळूचे कण क्रोमवर जाळीसारखे ओरखडे पाडतात. पाणी मारून दहा मिनिटं थांबा, पुन्हा मारा, ती आपोआप सुटते. चाकाच्या आतल्या बाजूला गोळा राहिला तर ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. असं झालं तर बॅलन्सिंगला पळण्याआधी आत हात घालून बघा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून येणारा चिखल याच जातीचा. होटगीकडच्या सिमेंट कारखान्यांच्या बाजूनं रोज ये-जा असेल तर सिमेंटची धूळ पाणी लागून चाकावर घट्ट व्हायच्या आत, त्याच दिवशी भरपूर पाण्यानं उतरवलेली बरी. ओल्या फडक्यानं नुसतं पुसलं तर तिचा लेप होतो.

मेणाबद्दल. पहिले चार महिने कार्नोबा हे वनस्पतीपासूनचं मेण, नंतर सिंथेटिक सीलंट, म्हणजे मेणाऐवजी लावायचा कृत्रिम थर. थंडीत कार्नोबा पुढच्या चाकांवर तीन-चार आठवडे टिकलं, एप्रिलमध्ये पंधरवडाही काढला नाही. ब्रेकच्या उष्णतेत आणि इथल्या उन्हात ते टिकेल अशी अपेक्षाच चुकीची होती. सीलंट पुढे दोन महिने, मागे तीन महिने टिकलं. संपलं हे ओळखायची खूण सोपी आहे. पाण्याचे थेंब गोल न राहता पसरायला लागले की समजा. एका चाकाला वाटाण्याएवढं पुरतं, पातळ लावायचं, १०-१५ मिनिटांनी पुसायचं. जाड लावल्यानं काही मिळत नाही. दुसरा हात दुसऱ्या दिवशी दिला तर नटांच्या खाचांतही नीट बसतो. मेटल पॉलिश या अकरा महिन्यांत पुढच्या चाकांना दोनदा आणि मागच्यांना एकदा लागलं. दर आठवड्याला पॉलिश करणाऱ्यांनी आवर घालावा. अर्ध्या मायक्रॉनच्या थरावर घासत राहण्यात शहाणपण नाही.

वॉशिंग सेंटरवर गाडी दिलीत तर चाकावर काय फवारणार ते आधी विचारा, आणि ‘ॲसिड मारू नका’ असं स्पष्ट सांगा. हायड्रोक्लोरिक ॲसिड क्रोमला विरघळवतं. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा तेच असतं, म्हणून ‘एकदम चकाचक होतं’ हा सल्ला ऐकू नका. पहिल्या दिवशी चमक येते खरी, पुढच्या महिन्यांत खड्डे दिसतात. कॉस्टिक असलेला फोम ॲल्युमिनियमला खातो. घरात तांब्या-पितळेला वापरतो ती चिंच, राख, घासायची पावडर आणि हिरवी घासणी, यातलं काहीही नको. ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून घासायची युक्ती खरी आहे, पण ती दुचाकीच्या लोखंडी क्रोम रिमच्या वरवरच्या गंजासाठी. अलॉयवर तसा गंजच नसतो.

टायर बदलताना मात्र दुकानात स्वतः उभं राहा. बॅलन्सिंगची क्लिपवाली वजनं कडेला ठोकून बसवली की तिथलं क्रोम फुटतं, आणि वर्षभरात नेमकं तिथूनच सोलायला लागतं. आतून चिकटवायची वजनंच लावायला सांगा. मशीनच्या जबड्यांना प्लास्टिकचे गार्ड आहेत का बघा. नट इम्पॅक्ट गननं आवळू देऊ नका. सॉकेट घसरला की खड्ड्याची कड जाते. हातानं, टॉर्क पान्यानं, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाला आवळायचे.

आणि एखादं चाक दर आठवड्याला थोडी थोडी हवा सोडत असेल, पंक्चर मात्र सापडत नसेल, तर टायर उतरवून रिमची ती जागा बघा जिथे टायर बसतो. क्रोम तिथे सुटलं असेल तर त्या पापुद्र्याखालून हवा जाते. सुटलेला भाग बारीक पॉलिश पेपरनं काढून जागा गुळगुळीत करायची, बीड सीलर (टायरची कड रिमवर हवाबंद बसवणारा लेप) लावून टायर पुन्हा बसवायचा, आणि साबणाचं पाणी कडेला फिरवून बुडबुडे येतात का ते तपासूनच चाक गाडीला चढवायचं.