अ‍ॅस्टॅटिक डी-१०४ माइक: जुन्या एएम ट्रान्समीटरसाठी घ्यावा का?

घ्या, पण ट्रान्समीटर उघडून इनपुटला सोल्डरिंग आयर्न लावायची तयारी असेल तरच घ्या. माझ्याकडे हीथकिटचा डीएक्स-६० हा हौशी रेडिओचा एएम ट्रान्समीटर आहे, १९६० च्या दशकातला, फायनलला म्हणजे शेवटच्या टप्प्याला एकच ६१४६ ट्यूब, आणि हा माइक अमेरिकेत ओहायोत झीनियाला हॅमव्हेन्शन हा हॅमचा म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा मेळावा भरतो तिथल्या फ्ली मार्केटमधे मिळाला. क्रोमचं गोल डोकं, उभा दांडा, इकडचे हॅम त्याला लॉलिपॉप म्हणतात.

डी-१०४ चा आवाज चिरका येतो, खर्ज नाहीच, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. नुसता जोडला तर तसाच येतो हे खरं आहे, पण त्यात माइकचा दोष नाही हो! आत रोशेल सॉल्टचा क्रिस्टल आहे आणि तो सर्किटमधे एखाद्या छोट्या कपॅसिटरसारखा वागतो, म्हणजे पहिल्या ट्यूबच्या ग्रिडला, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या टोकाला, असलेला रेझिस्टर जितका लहान तितका खालचा आवाज कापला जाणार. निदान ५ मेगओम तरी हवाच. मी १२एएक्स७ या पहिल्या ट्यूबच्या ग्रिडला १० मेगओम टाकला आणि बोलणाऱ्याची छाती ऐकू यायला लागली, इतका फरक, तोही एका रेझिस्टरमधे. इनपुट एवढं हाय इम्पीडन्स झालं की आरएफ, म्हणजे ट्रान्समीटरच्याच रेडिओ लहरी, लगेच आत शिरतं, म्हणून माइकची वायर शिल्डेड आणि आखूड ठेवा.

मग कपलिंग कपॅसिटर, म्हणजे एका स्टेजचा आवाज पुढच्या स्टेजला देणारा. ०.००१ मायक्रोफॅरड आणि पुढे ४७० किलोओम असेल तर साधारण ३४० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरायला लागतं, कारण त्या काळी डिझाइनच कम्युनिकेशनसाठी होतं, गोडव्यासाठी नाही. ०.०१ केला की तीच मर्यादा ३४ हर्ट्झपर्यंत खाली येते. पण प्रत्येक स्टेजला असं करू नका, ६० हर्ट्झची घरघर सोबत येते आणि ८०-१०० च्या खालचं बोलणं रिसीव्हरवर तसंही कोणाला फारसं ऐकू येत नाही, उगाच मॉड्युलेशन खातं. (आत शेकडो व्होल्ट असतात, प्लग काढून फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज केल्याशिवाय हात घालू नका, प्लीज.)

एवढं करूनही डीएक्स-६० चा हीथकिटचाच मोठा डीएक्स-१०० होणार नाही. डीएक्स-१०० मधे आवाज शेवटच्या ट्यूबच्या प्लेटवर चढवतात (प्लेट मॉड्युलेशन), यात त्याच ट्यूबच्या स्क्रीन ग्रिडवर, आणि कॅरियर म्हणजे मूळ रेडिओ लहर आवाजाबरोबर बदलते (कंट्रोल्ड कॅरियर), बोललं की कॅरियर वर, थांबलं की खाली, त्यामुळे समोरच्याच्या रिसीव्हरचा एव्हीसी, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारं सर्किट, मधेमधे हापसतो. ते माइक बदलून जात नाही. तरी ३८८५ किलोहर्ट्झवर आता लोक आपणहून ऑडिओचं कौतुक करतात आणि मला त्याचा खरंच आनंद होतो.

भारतातल्या मंडळींसाठी एक गोष्ट, विशेषतः मुंबई-कोकणात राहणाऱ्यांसाठी. रोशेल सॉल्टला दमट हवा आणि उष्णता दोन्ही सोसत नाही, ५५ डिग्रीच्या आसपास तर क्रिस्टल कायमचा जातो, म्हणजे पावसाळ्यात उघडा ठेवला किंवा उन्हात गाडीत राहिला तर संपलाच. तिकडे मागवायचा असेल तर सिरॅमिक कार्ट्रिजवाला शोधा, आणि कुठलाही जुना पीस घेताना आधी विक्रेत्याला त्यावर बोलून दाखवायला सांगा, नुसत्या चकचकीत क्रोमवर पैसे देऊ नका.