बारा टक्क्यांचे कर्ज, साडेअठरा टक्क्यांची वसुली

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात आमचे गाव आहे. तेथील जुने मातीचे घर पाडून पक्के घर बांधण्यासाठी माझ्या थोरल्या भावाने २०२३ च्या उन्हाळ्यात दहा वर्षे मुदतीचे पाच लाख रुपयांचे घरतारण कर्ज घेतले. कर्ज देणारी कंपनी नोंदणीकृत होती, गहाणखत दुय्यम निबंधकाकडे रीतसर नोंदवले गेले आणि हप्ता दरमहा बँक खात्यातून कापला जात होता. चोरून चालणाऱ्या सावकारीचा यात लवलेशही नव्हता, आणि म्हणूनच हा अनुभव सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. कारण सावकारापासून सावध राहायला आपल्याकडे सगळे शिकवतात, पण छापील पावती देणाऱ्याच्या हिशेबाकडे कोणी निरखून पाहत नाही.

गावठाणातील घरावर पूर्वी कर्ज मिळणे फार अवघड होते. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा करआकारणीचा उतारा, त्यामुळे मालकीचा पुरावा म्हणून त्याला बँका सहसा मान देत नसत. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाची स्वामित्व योजना सुरू झाली, ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊ लागली आणि लोकांच्या हाती सनद व आखीव पत्रिका येऊ लागल्या. योजना चांगलीच आहे. मात्र तिच्यामुळे घर तारण ठेवण्याजोगे झाले आणि पाठोपाठ गावात कर्ज कंपन्यांचे प्रतिनिधीही फिरू लागले.

आमच्या ओसरीवर बसून त्या प्रतिनिधीने जे सांगितले ते असे : "भाऊ, शेकडा एक रुपया महिना, म्हणजे वर्षाचे बारा टक्के. गावात तीन रुपये शेकड्याने घेता ना? आणि बँकेचा दर वर जातो, आमचा दहा वर्षे हलणार नाही." यातील बँकेविषयीचे वाक्य मुद्दाम निवडलेले होते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे उसने देते तो दर, ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर नेला होता आणि गृहकर्जाचे हप्ते वाढल्याच्या बातम्या सर्वांच्या कानावर होत्या. मग त्याने एका कोऱ्या कागदावर हिशेब मांडून दिला. पाच लाखांवर वर्षाचे व्याज ६०,००० रुपये, दहा वर्षांचे ६,००,०००, मुद्दल धरून ११,००,०००, भागिले १२० महिने, हप्ता ९,१६७ रुपये. गुणाकार-भागाकारात एका रुपयाचीही चूक नव्हती.

फसवणूक नेमकी येथेच आहे आणि ती समजून घेण्यासाठी जरा थांबावे लागेल. आपल्याकडे पेरणीला पैसे उचलतात आणि कापूस किंवा सोयाबीन विकले की मुद्दल एकरकमी परत करतात. मधल्या काळात संपूर्ण मुद्दल आपल्याकडेच असते, म्हणून संपूर्ण मुद्दलावर व्याज मोजणे तेथे बरोबर ठरते. हप्त्याच्या कर्जात मात्र मुद्दल पहिल्या महिन्यापासून थोडे थोडे परत जात असते, तेव्हा व्याजही उरलेल्या मुद्दलावरच लागायला हवे. प्रतिनिधीने पेरणीच्या उसनवारीची रीत हप्त्याच्या कर्जाला लावली. यालाच फ्लॅट दर म्हणतात, आणि उरलेल्या मुद्दलावर व्याज मोजण्याच्या पद्धतीला घटत्या शिलकीचा दर म्हणतात. त्याच्या कागदाप्रमाणे प्रत्येक हप्त्यात मुद्दल ४,१६७ आणि व्याज ५,००० रुपये होते. म्हणजे एकशेविसाव्या महिन्यात केवळ ४,१६७ रुपये देणे शिल्लक असताना त्यावर एका महिन्याचे व्याज ५,००० रुपये! हे एक उदाहरण कुणालाही समजते, आणि मी आता गावात तेच सांगतो.

खरोखर बारा टक्के दर घटत्या शिलकीवर लावला असता तर हप्ता ७,१७४ रुपये आला असता आणि दहा वर्षांत एकूण व्याज सुमारे ३,६१,००० रुपये झाले असते. ९,१६७ रुपयांच्या हप्त्याचा घटत्या शिलकीवरील दर जवळजवळ साडेअठरा टक्के येतो. त्या काळात राष्ट्रीयीकृत बँकांचे गृहकर्ज नऊ टक्क्यांच्या आसपास होते आणि त्या दराने हाच हप्ता ६,३३४ रुपये पडला असता.

शिवाय पाच लाख रुपये हाती आलेच नाहीत. प्रक्रिया शुल्क दोन टक्के म्हणजे १०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १,८००, कायदेशीर तपासणी व मूल्यांकनाचे ४,५०० आणि कर्जदाराच्या आयुर्विम्याचा एकरकमी हप्ता २२,००० रुपये, असे वजा होऊन खात्यात ४,६१,७०० रुपये जमा झाले. विम्याबद्दल आधी एक शब्दही निघाला नव्हता. व्याज मात्र पूर्ण पाच लाखांवर. ही कपात हिशेबात धरली तर कर्जाचा खरा वार्षिक खर्च पावणेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो.

हे सारे उघड झाले ते दोन वर्षांनी, तूर आणि कापसाचे पैसे हाती असताना भावाने कर्ज लवकर फेडण्याची चौकशी केली तेव्हा. तोपर्यंत त्याने २,२०,००० रुपये भरले होते. प्रतिनिधीच्या कागदाप्रमाणे त्यातले एक लाख मुद्दलात जायला हवे होते, म्हणजे बाकी चार लाख. कंपनीने दिलेल्या खातेउताऱ्यावर बाकी मुद्दल सुमारे ४,५८,००० रुपये होते. मी उतारा ओळीने वाचला. पहिल्याच हप्त्यात व्याज ७,७०३ रुपये आणि मुद्दल जेमतेम साडेचौदाशे. म्हणजे कर्जदाराला सांगताना बारा टक्के फ्लॅट आणि आपल्या वहीत साडेअठरा टक्के घटत्या शिलकीचा, असे दोन हिशेब कंपनीने पहिल्या दिवसापासून चालवले होते. दोन्ही पद्धतींनी हप्ता एकच येतो, म्हणून दरमहा हप्ता भरणाऱ्याला फरक दिसत नाही. तो दिसतो मुदतीआधी कर्ज फेडायला गेल्यावरच.

त्यावर आणखी मुदतपूर्व परतफेडीचे चार टक्के शुल्क मागितले गेले. येथे "दर हलणार नाही" या वाक्याचा दुसरा अर्थ उलगडला. व्यवसायासाठी नसलेले, बदलत्या दराचे वैयक्तिक कर्ज लवकर फेडल्यास बँका आणि वित्त कंपन्यांना शुल्क घेता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. स्थिर दराच्या कर्जाला त्याचे संरक्षण नाही.

व्याजाचा वार्षिक दर आणि तो लावण्याची पद्धत कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत लेखी कळवणे हे अशा कंपन्यांवर तेव्हाही बंधनकारक होते. आमचे मंजुरीपत्र इंग्रजीत होते आणि त्यात पद्धतीचा उल्लेख नव्हता. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ मुदत कर्जांना आता मुख्य तथ्य विवरणपत्र सक्तीचे झाले आहे. त्यात एपीआर, म्हणजे शुल्क आणि विमा धरून होणारा वार्षिक खर्चाचा दर, आणि हप्तेनिहाय परतफेडीचा तक्ता द्यावाच लागतो. गहाणखतावर सही करण्याआधी हा कागद मराठीत मागून घ्यावा, घरी आणावा आणि एपीआरचा आकडा पाहावा. प्रतिनिधी तोंडी काय म्हणतो याला काहीही किंमत देऊ नये. कागद मिळण्याआधीही पडताळा घेता येतो : मोबाइलवरील कोणत्याही ईएमआय कॅल्क्युलेटरमध्ये प्रत्यक्ष हाती येणारी रक्कम आणि महिने भरावेत, आणि सांगितलेला हप्ता जुळेपर्यंत दर वाढवत न्यावा. जेथे जुळेल तो खरा दर.

आम्ही आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केली आणि प्रतिनिधीच्या हस्ताक्षरातला कागद, मंजुरीपत्र व खातेउतारा यांच्या प्रती जोडल्या. तो हिशेबाचा कागद भावाने जपून ठेवला होता म्हणूनच तक्रारीला वजन आले. कंपनीने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसले, तर वित्त कंपनीविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते; त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. गृहवित्त कंपनी असल्यास तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे करावी लागते, हा फरक आधी तपासावा, नाहीतर अर्ज परत येतो आणि महिने वाया जातात.

आमच्या तक्रारीनंतर कंपनीने चार टक्के शुल्क माफ केले, पण घेतलेले व्याज परत करण्यास लेखी नकार दिला. भावाने उरलेले कर्ज एका राष्ट्रीयीकृत बँकेकडे वर्ग करून कंपनीचे खाते बंद केले. व्याजाच्या रकमेसाठी लोकपालाकडे केलेला अर्ज अद्याप प्रलंबित आहे. मूळ सनद आणि गहाणमुक्तीचा दस्तही कंपनीकडून यायचा आहे. पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत करणे आणि बोजा उतरवणे बंधनकारक असून, कंपनीमुळे उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. खाते बंद झाल्याची तारीख टाकून ती मागणी आम्ही पोचपावतीसह कंपनीकडे दिली आहे.