डबे पाडा की रिंग टाका? एकच स्टॉल लावायचा असेल तर

सोसायटीचा गणपती असो नाहीतर शाळेतला बाल आनंद मेळावा, मुलांसाठी घरच्या घरी बनवलेला एखादा गेम ठेवायचा म्हटलं की गाडी शेवटी ह्या दोनांवरच येते, चेंडू मारून रचलेले डबे पाडायचे नाहीतर बाटल्यांवर रिंग टाकायची. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची वगैरे स्पर्धा झाल्या, त्या तासाभरात उरकतात. मी बोलतोय ते संध्याकाळभर चालणाऱ्या स्टॉलबद्दल, जिथे मुलं येतात, खेळतात, गोळी घेतात आणि परत लायनीत उभी राहतात. पाण्याच्या बादलीत नाणं टाकून तळाच्या वाटीत पाडायचा खेळ पण लोक सुचवतात, छानच आहे तो, पण त्यात पैसे आले की मोठी माणसं घुसतात आणि मुलं बाजूला राहतात, म्हणून तो मी धरतच नाही.

मी दोन्ही स्टॉल लावलेत, गणपतीत पण आणि शाळेत पण, त्यामुळे जे लिहितोय ते उभं राहून बघितलेलं आहे.

आधी डब्यांचं. गर्दी खेचायला ह्याच्यासारखा गेम नाही हे मान्यच करायला पाहिजे. सहा डबे खडंग करून पडले की मंडपाच्या त्या टोकाची पोरं पळत येतात, आणि पाडणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. सामान पण घरातच मिळतं, दूध पावडरचे डबे, रंगाचे लिटरचे डबे (कडा नीट बघून घ्या, कापतात), आणि चेंडू जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून केलेला, टेनिस बॉल नको, तो टप्पा खाऊन कुठे जाईल सांगता येत नाही. श्रीखंडाचे प्लास्टिकचे डबे टाळा, वाऱ्याने आपोआप पडतात आणि मग भांडणं, की माझ्यामुळे पडले का हवेमुळे.

पण माझं घोडं जिथे अडलं ते सांगतो, डबे परत रचणं. ऐकायला किरकोळ वाटतं. खाली तीन, वर दोन, त्यावर एक, त्यात काय एवढं. पण प्रत्येक मुलानंतर कुणीतरी वाकून डबे गोळा करायचे, एक टेबलाखाली गेलेला असतो, एक मागच्या पडद्यात अडकलेला असतो, ते सगळे आणून रचायचे, वरचा ठेवताना खालचा हलतो की परत पहिल्यापासून. खेळ अर्ध्या मिनिटाचा आणि रचणं त्याच्या दुप्पट, निदान मला तरी तसंच वाटायचं. तेवढ्यात लायनीतली मुलं एकमेकांना ढकलायला लागतात, लहान असतात ती आईचा हात धरून भेळेच्या स्टॉलकडे निघून जातात, आणि आठवी-नववीची जी मुलं उत्साहाने मदतीला आलेली असतात त्यांचा उत्साह तासाभरात संपतो, पाठ दुखते हो वाकून वाकून. शिवाय चांगल्या नेमाच्या मुलाने पहिल्याच चेंडूत सगळे पाडले तर उरलेल्या दोन चेंडूंचं करायचं काय, आणि अगदी लहान मुलीने मारलेला चेंडू खालच्या डब्याला लागून नुसता सरकला, वरचा डुलला आणि तिथेच थांबला, तर तिला काय द्यायचं? एकही पडला नाही म्हणून रडवेली झालेली मुलं मी बघितलीत, मला ते बघवत नाही.

रिंगमधे हा रचायचा प्रकारच नाही. पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या मांडल्या की मांडल्या, त्या हलत नाहीत. मुलाने पाच रिंगा टाकल्या, मदतनीसाने काठीने ओढून घेतल्या, पुढचा. दोन मुलं शेजारी शेजारी उभी करून एकाच वेळी खेळवता येतात, डब्यांत ते शक्यच नाही. आणि प्रत्येक रिंग म्हणजे नवा चान्स, चार चुकल्या आणि पाचवी बसली तरी मूल खूष. बाटल्यांवर 5, 10, 20 असे आकडे चिकटवले की मुलं स्वतःच बेरजा करत उभी राहतात, शाळेच्या मेळाव्यात तर शिक्षकांना हे फार आवडतं, कारण तिथे मुळात खरेदी-विक्री आणि हिशोब मुलांच्या हातून व्हावा हाच हेतू असतो.

फक्त रिंग कशाची करायची ह्यावर सगळं आहे. वर्तमानपत्राची वळून केलेली फार हलकी होते, पंख्याच्या वाऱ्यावर पण भरकटते. बांगड्या लहान पडतात आणि काचेच्या तर नकोच. मला सगळ्यात बरा वाटला तो बागेला पाणी घालायचा साधा पाईप. साधारण 63 सेंमी तुकडा कापला की 20 सेंमी व्यासाची रिंग होते, अगदी लहान मुलांसाठी 90 सेंमीचा घ्या, मोठी रिंग होते आणि बसायला सोपी जाते. पाईप गुंडाळीतून आलेला असल्यामुळे आधीच वळलेला असतो, ते बरंच पडतं. दोन्ही टोकं गरम पाण्यात बुडवून मऊ करायची, आत घट्ट बसेल असा संपलेल्या मार्करचा किंवा काठीचा तुकडा घालायचा, गार झालं की पाईप आवळून धरतो, वरून रंगीत इन्सुलेशन टेप. खाली सतरंजी किंवा गोणपाट अंथरा, नाहीतर फरशीवर रिंग उसळी मारून पळते आणि बाटलीवर बसता बसता निसटते.

रिंगचं उणं पण सांगायला पाहिजे. आवाज नाही, त्यामुळे सुरुवातीला कुणाचं लक्ष जात नाही, एखाद्या बोलक्या मुलाला स्टॉलसमोर उभं करावं लागतं. आणि थोडं शिकवावं लागतं, मुलं रिंग चेंडूसारखी खांद्यावरून फेकतात, रिंग आडवी धरून मनगटाने सोडायची हे एकदा करून दाखवलं की जमतं. उभं राहायची रेघ पण दोन ठेवा, बालवाडीवाल्यांची बरीच पुढे.

तुमच्याकडे मदतीला भरपूर पोरं असतील, मोकळं मैदान असेल, तर डबे लावा, मजा येईल यात शंका नाही, आणि प्रत्येकाचा अनुभव वेगळा असू शकतो. पण गणपतीत बहुतेक वेळा पाऊस असतो, सगळं पत्र्याखाली दाटीवाटीत चाललेलं, शेजारी कुणी अथर्वशीर्ष म्हणत असतं, तिथे दर दोन मिनिटांनी डब्यांचा खणखणाट आणि खाली रांगणारे मदतनीस, मला नाही पटत. एकच टेबल आणि दोनच माणसं असतील तर मी रिंगच लावीन. रिंगा दोन दिवस आधी करून ठेवा म्हणजे जोड सुटतोय का ते कळतं, आणि चार जास्तीच्या करा, एखाद-दुसरी कुणाच्या तरी गळ्यात माळ होऊन घरी जातेच.